उतरलं, पण थांबलं नाही : नेपल्सजवळच्या महामार्गावरचं जेट

आधीच सांगून टाकतो, त्या विमानाची चाकं नीट टेकली होती. डावं चाक तीन लेनच्या रस्त्यात मधल्या लेनवर आणि पाठोपाठ उजवं चाक उजव्या लेनवर. पंख समांतर, तोंड रहदारीच्याच दिशेला. दोन्ही इंजिनं गेलेलं जेट भर दुपारी वाहत्या महामार्गावर कुणी असं उतरवून दाखवलं, तर एरवी आपण त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो. पण चाकं टेकल्यावर ते उजवीकडे सरकत गेलं, कडेची पट्टी ओलांडून गवतात शिरलं आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळलं. मग धूळ, आग आणि धूर. मागून येणाऱ्या गाडीच्या डॅशकॅमवर हे सगळं चित्रित झालंय, आणि धुरापुढे त्या चित्रणात काही दिसत नाही.

दिवस ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. जागा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं नेपल्स, इंटरस्टेट ७५ महामार्गाची दक्षिणेकडे जाणारी बाजू. विमान बॉम्बार्डिए चॅलेंजर ६०४, म्हणजे दहाएक माणसं आरामात बसतील असं चार्टरचं जेट. विमानात पाच जण होते. दोन्ही वैमानिक गेले. केबिन अटेंडंट आणि दोन प्रवासी किरकोळ जखमांवर बचावले, रस्त्यावरच्याही एकाला किरकोळ लागलं.

हायवेवर विमान उतरल्याचे व्हिडिओ आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तेव्हा त्यांचा सूर बहुतेक वेळा कौतुकाचा असतो. पायलटनं काय डोकं वापरलं बघा, सरळ रस्त्यावरच उतरवलं! आपल्या मनात रस्ता म्हणजे तयार धावपट्टीच असते, फक्त मध्ये जरा गाड्या. नेपल्सचं प्रकरण मी मुद्दाम घेतोय ते यासाठी की इथे वैमानिकांच्या हातून चूक झाली म्हणून विषय मिटवता येत नाही. त्यांना जमण्यासारखं जवळजवळ सगळं जमलं होतं. उरलं ते रस्त्याच्या हातात होतं, आणि रस्ता त्यासाठी बांधलेलाच नव्हता.

चौऱ्याहत्तर सेकंद

विमान त्या दिवशी ओहायोतल्या कोलंबसहून, तिथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या विमानतळावरून नेपल्सला येत होतं. निघण्यापूर्वी ३५० गॅलन इंधन भरलं होतं. नेपल्सची धावपट्टी क्रमांक २३ दिलेली, टॉवरनं उतरायची परवानगीही दिलेली. इथवर सगळं रोजच्यासारखं.

३ वाजून ९ मिनिटं ३३ सेकंदांनी कॉकपिटमध्ये इशारा आला : डाव्या इंजिनात तेलाचा दाब कमी. पुढच्याच सेकंदाला उजव्या इंजिनाचाही तोच इशारा. आणखी सहा सेकंदांनी तिसरा, नुसता ‘इंजिन’. विमान तेव्हा सुमारे १००० फुटांवर होतं, वेग १२२ नॉट, म्हणजे ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास.

इथे क्षणभर त्या खुर्चीत बसून बघा. इशारा तेलाचा आहे. वैमानिकाच्या मनात पहिल्यांदा येणार की सेन्सर बिघडला असेल, कारण दोन्ही इंजिनांचं तेल एकाच सेकंदाला संपत नसतं. खरी गोष्ट वेगळी होती. इंजिनाचे फेरे पडले की तेलाचा पंपही मंदावतो आणि दाब उतरतो. म्हणजे तेलाचा इशारा हे लक्षण होतं, आजार नव्हे. हे ओळखायचं, खात्री करायची, चेकलिस्ट काढायची की नाही ते ठरवायचं, आणि हे सगळं चालू असताना विमान खाली येतच असतं.

जेमतेम अर्ध्या मिनिटात त्यांनी टॉवरला कळवलं की दोन्ही इंजिनं गेली, आणीबाणी आहे. टॉवरनं पुन्हा उतरायची परवानगी दिली. त्यावर उत्तर गेलं ते असं, की परवानगी आहे खरी, पण आम्ही धावपट्टीपर्यंत पोहोचत नाही. उंची तेव्हा ९०० फूट आणि वेग ११५ नॉट. त्यानंतर रेडिओवर काही बोलणं झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. विमान उडवायचं आधी, बोलायचं शेवटी, हा धडा पहिल्या महिन्यापासून कानीकपाळी ओरडून शिकवलेला असतो.

विमानाच्या ठावठिकाण्याची शेवटची नोंद ३ वाजून १० मिनिटं ४७ सेकंदांची, महामार्गाच्या वरची. पहिल्या इशाऱ्यापासून ७४ सेकंद झाले होते.

या ७४ सेकंदांचा हिशोब सोपा आहे. ११५ नॉटच्या वेगानं तेवढ्या वेळात विमान सव्वाचार-साडेचार किलोमीटर जातं. धावपट्टी त्याहून लांब होती. हजार फुटांवरून, चाकं खाली सोडलेली असताना, बिनइंजिनाचं जेट हवेत तरंगून तरंगून किती जाणार? कागदावर फार ताणलं तरी ते धावपट्टीला पुरत नाही. आणि ताणायला गेलं की वेग पडतो, वेग पडला की पंखांवरची उचल जाते, मग विमान घरंगळत नाही, दगडासारखं येतं. खाली नेपल्सच्या वसाहती होत्या. ‘पोहोचत नाही’ हे वेळेवर मान्य करणं हाच त्या मिनिटातला सगळ्यात महागडा निर्णय होता आणि तो त्यांनी घेतला.

वरून रस्ता कसा दिसतो

खालून आपल्याला गाड्या, फलक, खांब दिसतात. हजार फुटांवरून दिसते ती एक लांबलचक राखाडी पट्टी. सरळ, सपाट, झाडं नाहीत, घरं नाहीत. आजूबाजूला छपरं, तळी आणि वृक्षराजी असेल तर नजर तिथेच जाते, आणि त्यात वेडेपणा काही नाही. शेत सपाट वाटतं, पण जवळ आल्यावर बांध दिसतात, नांगरट दिसते, पिकाची उंची कळते. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून उडालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानाचा चुराडा झाला, पण वैमानिक किरकोळ जखमांवर वाचली. शेतानं विमान खाल्लं आणि माणूस परत दिला, असं म्हणायला हरकत नाही. छोट्या विमानाच्या बाबतीत शेत पुष्कळदा हेच करतं. बारा टनांहून जड जेटच्या बाबतीत मात्र शेताकडून इतक्या उदारपणाची अपेक्षा धरता येत नाही. मऊ जमिनीत चाक रुतलं की त्या वेगात विमानाचे तुकडे होतात.

म्हणून रस्ता. आता त्याच रस्त्याला धावपट्टीशेजारी ठेवून पाहू.

नेपल्सची ती धावपट्टी १५० फूट रुंद आहे. अमेरिकन महामार्गाची एक लेन १२ फुटांची, म्हणजे तीन लेन मिळून ३६ फूट. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची एक बाजू डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढंच. चॅलेंजर ६०४ च्या पंखांचा विस्तार ६४ फूट. म्हणजे विमान लेनच्या बरोबर मध्यावर उतरलं असतं तरी दोन्हीकडचे पंख कडेच्या पट्ट्यांच्याही बाहेर डोकावले असते. एका बाजूला दुभाजक, दुसऱ्या बाजूला गवत आणि त्यापलीकडे भिंत. चुकायला जागा किती, तर जवळजवळ नाहीच. धावपट्टीवर वीस-पंचवीस फूट सरकलं तर प्रवाशाला कळतही नाही. इथे तेवढ्यात रस्ता संपतो.

आता ती भिंत. महामार्गाच्या कडेनं वस्ती असेल तर गाड्यांचा आवाज घरांत जाऊ नये म्हणून तिकडे काँक्रीटच्या उंच ध्वनिरोधक भिंती बांधतात. हल्ली आपल्याकडेही उड्डाणपुलांवर असे आडोसे दिसतात, ते हलके असतात. ही भिंत रहिवाशांच्या झोपेसाठी उभी केलेली होती आणि तिचं काम ती चोख करत असणार. विमानतळावर नेमकी उलट काळजी घेतात. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा राखायचा, टोकांपलीकडे निदान ९० मीटर आणि शक्यतो २४० मीटर सुरक्षित जागा ठेवायची, आणि दिवे-फलक जे काही तिथे लागेल ते धक्का लागताच मोडून पडेल अशा ठिसूळ पायावर बसवायचं. म्हणजे विमान घसरलंच तर त्याला अडवणारं काही उभं राहू द्यायचं नाही. रस्त्याचा सगळा विचार याच्या उलट चालतो. कठडा, दुभाजक, खांब, भिंत हे सगळं गाडीला आत ठेवायला किंवा बाहेरच्याला वाचवायला असतं, म्हणून ते भक्कमच हवं.

धावपट्टीचा डांबरी पट्टा हा तिचा निम्माच भाग, उरलेला निम्मा म्हणजे तिच्या आजूबाजूची मोकळी जागा. वरून दिसतो तो डांबरी पट्टा तेवढा.

विजेच्या ताराही वरून दिसत नाहीत. रस्ता आडवा ओलांडणारी तार वैमानिकाला समोर आल्यावर दिसते, तेव्हा वर उचलायला इंजिन नसतं. ओव्हरब्रिज, लेनवर लटकणारे फलक आणि टोलच्या कमानी यांचंही तेच. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर एकदा शेजारच्या सीटवर बसून हा खेळ करून पाहा. दोन पुलांच्या मध्ये सरळ, फलक नाही, तार नाही, घाट नाही असा एक किलोमीटर शोधायचा. मी खालापूरच्या टोलनाक्याच्या आधीच हात टेकले.

रस्त्यावरची माणसं

आतापर्यंत आपण विमानात बसून विचार केला. रस्त्यावर माणसं असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

वैमानिक रहदारीच्या दिशेनंच उतरायचं बघतात, यात निव्वळ अंकगणित आहे. त्या महामार्गावर वेगमर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. विमान २१३ च्या आसपास. एकाच दिशेनं असतील तर फरक १०० चा. समोरासमोर आले तर ३२६. पण दिशा एक असली तरी गाडीवाल्याला विमान मागून येतं, वरून येतं, आणि इंजिनं बंद म्हणजे त्याच्या येण्याचा आवाजही फारसा नसतो. आरशात कुणी आकाश बघत नाही.

लहान विमानाचं गणित थोडं सुसह्य असतं. सेसना १७२ चा पंखविस्तार ३६ फूट, म्हणजे बरोबर तीन लेन. उतरतानाचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास गाड्यांएवढाच. वजन एखाद्या कारएवढं. म्हणून छोटी विमानं हायवेवर उतरून माणसं चालत बाहेर आल्याच्या बातम्या येतात. २ डिसेंबर २०२० च्या रात्री अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या आर्डन हिल्सजवळ एक इंजिनाचं बेलांका विमान आय-३५ डब्ल्यू महामार्गावर गाड्यांच्या मधोमध उतरलं, काही अंतर त्यांच्याच लयीत धावलं आणि पुढच्या एसयूव्हीला मागून धडकलं. कुणालाही इजा झाली नाही. वाहतूक विभागाच्या कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं आणि जगभर फिरलं. हायवे म्हणजे धावपट्टी हा समज अशाच व्हिडिओंवर पोसला जातो.

दुसरी बाजू कॅलिफोर्नियातल्या फॉलब्रुकजवळची. २ एप्रिल २०१६, शनिवार सकाळ. एक लॅन्सएअर ४ विमान आय-१५ महामार्गावर उतरलं, घसरत गेलं आणि कडेला थांबलेल्या एका निसान कारवर मागून आदळलं. कार चालत नव्हती, रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन थांबली होती, आपण फोन घ्यायला थांबतो तशी. मागच्या सीटवरची ३८ वर्षांची बाई गेली, गाडीतले इतर तिघे जखमी झाले. विमानातले दोघंही जखमी झाले, पण वाचले. याच विमानानं २००० साली याच आय-१५ वर आणीबाणीत लँडिंग केलं होतं, आणि तेव्हा कुणाला काही झालं नव्हतं. पहिल्या वेळी बातमी ‘सुखरूप’ अशीच झाली असणार.

अमेरिकेच्या उड्डाण नियमांत किमान उंचीबद्दल एक वाक्य आहे : इंजिन बंद पडलं तरी जमिनीवरच्या माणसांना आणि मालमत्तेला अवाजवी धोका न होता उतरता येईल इतक्या उंचीवर उडावं. उडायचा निर्णय विमानातल्यांचा असतो, म्हणून जोखीमही आधी त्यांची, असा त्याचा अर्थ मी घेतो. पण त्याच नियमात उड्डाण आणि उतरण्याच्या वेळेला सूट आहे, द्यावीच लागते. इंजिनं नेमकी तेव्हाच गेली तर?

मागचा दरवाजा

नेपल्सला परत येतो, कारण या प्रकरणातली एक गोष्ट बातम्यांत दोन ओळींत उरकली गेली.

विमान थांबलं तेव्हा केबिनच्या दाराबाहेर आग होती, आणीबाणीच्या दारांबाहेरही आग होती. विमानाचं इंधन मुख्यतः पंखांत असतं आणि पंख भिंतीशी भिडलेले, तेव्हा दुसरं काय होणार? आत केबिन अटेंडंट आणि दोन प्रवासी. प्रवासी विमानात बसल्यावर हात हलवून दारं दाखवतात, ती इथली सगळी दारं बाद झाली होती.

शेपटीच्या बाजूला सामानाचा कप्पा असतो. त्याला बाहेरून सामान चढवायला एक छोटं दार असतं. माणसांसाठी ते नाही, सुटकेस आत-बाहेर करायला आहे. अटेंडंटनं दोघा प्रवाशांना त्या कप्प्यातून मागे नेलं आणि त्या दारातून बाहेर काढलं, मग स्वतः निघाली. तिघंही चालू शकत होते.

बिझनेस जेटमध्ये बसणाऱ्या लोकांच्या डोळ्यांना ही व्यक्ती म्हणजे ज्यूस आणि सँडविच आणून देणारी. तिनं विमानाची बांधणी डोक्यात ठेवलेली होती आणि धुरात ती आठवली. या सगळ्या गोष्टीतली धावपट्टीशी काही संबंध नसलेली, पण तीन जीव वाचवणारी हीच एक गोष्ट.

रस्त्यावरून पुन्हा आकाशात

उतरलेलं विमान न्यायचं कसं, हा प्रश्न नेपल्सला उद्भवला नाही. पण लहान विमानांबाबत नेहमी उद्भवतो, आणि माझ्या मते धोका तिथे जास्त फसवा असतो. विमान शाबूत, वैमानिक हसतोय, रस्ता पोलिसांनी अडवलेला, मागे गाड्यांची रांग लागलेली, सगळ्यांना घाई. अशा वेळी ‘उडवूनच नेऊ’ ही कल्पना शहाणपणाची वाटते.

लहान विमानाला थांबायला जेवढी जागा लागते त्यापेक्षा उडायला पुष्कळदा जास्त लागते. उतरताना वेग संपवायचा असतो, उडताना तो शून्यापासून कमवायचा असतो. ऊन तापलं की हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोन्ही मलूल होतात. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मध्यातून कडेकडे उतार असतो, वेग घेताना विमान त्या उतारावर ओढ खातं. पुढे पूल, मग तार. आणि मुख्य म्हणजे ज्या इंजिनामुळे आपण इथे उभे आहोत तेच इंजिन आता भर शक्तीनं चालवायचंय! उतरताना ते बंद पडलं तर निदान खाली रस्ता होता. दोनशे फुटांवर चढताना बंद पडलं तर समोर येईल ते घ्यायचं. म्हणून पंख काढून विमान ट्रकवर लादून नेणं हा कंटाळवाणा, खर्चिक आणि बहुतेक वेळा बरोबर मार्ग.

२३ जानेवारी २०२० ला आपल्याकडेही एक प्रसंग घडला. बरेलीहून हिंडनला निघालेलं एनसीसीचं दोन आसनी विमान गाझियाबादजवळ ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवेवर उतरवावं लागलं. पंख मोडला, आतले दोघे सुखरूप. बातमीत लोकांनी भोवती जमून काढलेले सेल्फी होते.

मग कुणीतरी म्हणतंच, आपल्या हायवेवर तर लढाऊ विमानं उतरतात, मग काय अडचण आहे? उतरतात, खरंच. २१ मे २०१५ ला मथुरेजवळ यमुना एक्सप्रेसवेवर मिराज २००० उतरलं. ९ सप्टेंबर २०२१ ला बाडमेरजवळच्या राष्ट्रीय महामार्ग ९२५ ए वरच्या तीन किलोमीटरच्या पट्टीचं उद्घाटन झालं, तेव्हा संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि आपले नितीन गडकरी वायुदलाच्या विमानातून थेट त्या रस्त्यावर उतरले. मे २०२५ मध्ये गंगा एक्सप्रेसवेवर शाहजहांपूरला रात्रीचं लँडिंगही झालं. पण त्या पट्ट्या त्यासाठीच काँक्रीटच्या बांधलेल्या, दुभाजक काढता येण्याजोगे, कडेला विमान उभं करायची सोय. त्या दिवशी रहदारी बंद, रस्ता झाडलेला, कुत्री हाकललेली, अग्निशमन तैनात. ऑस्ट्रेलियात नलारबोरच्या माळरानातून जाणाऱ्या आयर (Eyre) हायवेवर ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’साठी राखलेल्या पट्ट्या आहेत. तिथेही रस्त्यावर धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या आहेत, गाडीवाल्यासाठी फलक आहेत आणि विमान यायच्या आधी रस्ता अडवतात. हे रस्ते काही तासांपुरते धावपट्टी बनतात. नेपल्सचा रस्ता त्या दुपारी रस्ताच राहिला होता.

गंज

दोन्ही इंजिनं एका सेकंदाच्या अंतरानं का गेली? पहिला संशय इंधनावर जातो, कारण दोन्ही इंजिनांत सामाईक ती एकच गोष्ट. इंधन संपलं नव्हतं, दूषितही निघालं नाही. पक्षीही नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासाचं बोट शेवटी गंजाकडे गेलं. जनरल इलेक्ट्रिकच्या सीएफ३४ इंजिनाच्या पुढच्या भागात कॉम्प्रेसर असतो, हवा दाबत दाबत आत ढकलणारा. त्यातली काही स्थिर पाती आपला कोन बदलू शकतात. इंजिन हळू फिरत असताना ती एका कोनात, जोरात फिरताना दुसऱ्या कोनात, म्हणजे आत येणारी हवा फिरत्या पात्यांना योग्य कोनात मिळते. हे कोन बदलणारी यंत्रणा गंजानं अडखळू लागली की हवेचं आणि पात्यांचं जमेनासं होतं. कमी शक्तीवर तर आणखीच. मग हवा पुढे सरकायच्या ऐवजी पात्यांच्या पाठीवर भोवरे घालत बसते, इंजिनाचे फेरे पडतात आणि ते जोर धरत नाही. उतरायच्या बेतात असलेलं विमान कमी शक्तीवरच असतं.

दोन इंजिनं असण्यामागचा हिशोब असा की एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. पण दोन्ही इंजिनं एकाच विमानाची, एकाच किनारपट्टीची खारी हवा खाल्लेली. कोकणात घर असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दाराच्या दोन्ही बिजागऱ्या एकाच पावसाळ्यात धरतात.

अपघाताच्या काही आठवडे आधी, जानेवारीत, हे विमान सुरू होताना कुरकुरलं होतं. इंजिन पेट घ्यायचं पण फेरे चढायचे नाहीत, मध्येच अडकायचं. विमानवाल्यांच्या भाषेत हंग स्टार्ट. मेकॅनिकांनी उत्पादकाच्या पुस्तकातल्या दोषशोधनाच्या पायऱ्यांनी काम केलं. तपास मंडळाचा ठपका त्या पायऱ्यांवर आहे : त्या अपुऱ्या होत्या, त्यांतून गंजापर्यंत पोहोचता येत नव्हतं. पाती अडखळतायत हे तिथे, हँगरमध्ये, कुणाच्याही खाली ११३ च्या वेगानं गाड्या धावत नसताना कळू शकलं असतं.

इंजिनं सुरू झाली. विमान पुन्हा कामाला लागलं.